फोटोत घाटाच्या पायऱ्यांवर बसवलेली माणसं तरंगतात, सावली कशी जमवायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मंडळाच्या फलकाचं काम आहे. १० बाय ८ फूट फ्लेक्स, फाइल ७२ डीपीआयची (इंचाला ७२ पिक्सेल), म्हणजे ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. मागे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाचा फोटो घेतलाय. जानेवारीतला, दुपारी साडेचारच्या सुमाराचा. ऊन उजवीकडून, कॅमेऱ्याच्या किंचित मागून येतंय. कॅमेरा खाली आहे, पायऱ्या वर चढत जातात. फ्रेममध्ये एक दगडी दीपमाळ आणि तिची स्वच्छ सावलीही आहे.

या पायऱ्यांवर सात कार्यकर्ते उभे दाखवायचेत. त्यांचे फोटो हॉलमध्ये, समोरून दोन सॉफ्टबॉक्स (मऊ उजेडाचे स्टुडिओ दिवे) लावून काढलेले. प्रत्येकाची उंची साधारण ४००० पिक्सेल भरते. कटिंग स्वच्छ आहे, केसांच्या कडाही नीट आल्यात.

फोटोशॉपमध्ये ड्रॉप शॅडो (आकृतीमागे आपोआप पडणारी सावली) लावली तर माणसं पायरीवर उभी न राहता भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसतात. मग आकृती काळ्या रंगानं भरली, डिस्टॉर्टनं (कोपरे ओढून) आडवी केली, ५ पिक्सेल गॉशियन ब्लर (कड धूसर करणारा फिल्टर), ओपॅसिटी (लेयर किती गडद दिसावा) ६० टक्के. आता सावली काळा कागद कापून टाकल्यासारखी वाटते, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि दोघांच्या सावल्या जिथं एकमेकांवर येतात तिथं गडद डाग पडतो. सातही जणांना पुन्हा एकत्र आणता येणार नाही, पण एकेकट्याला बोलावता येईल. नेमकं कुठं काय बदलावं?

तिरपा_उजेड

तुमच्या फोटोत दीपमाळ आहे, म्हणजे अर्धं उत्तर तिथंच आहे. सावलीचा रंग, दिशा, लांबी आणि कडेचा मऊपणा या चारही गोष्टी अंदाजानं ठरवू नका, दीपमाळेवरून मोजून घ्या.

आधी रंग. आयड्रॉपर (रंग उचलायचं टूल) घ्या, वर सॅम्पल साइज ११ बाय ११ सरासरी करा. एकाच दगडाचा उन्हातला भाग आणि लगेच शेजारचा दीपमाळेच्या सावलीतला भाग, दोन्हींचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे लिहून घ्या. दगड एकाच रंगाचा, दोन्ही जागी कोरडा असायला हवा. समजा उन्हात १५०, १४०, १२६ आले आणि सावलीत ५७, ५९, ६०. आता सावलीचा आकडा भागिले उन्हातला आकडा, गुणिले २५५. लाल ९७, हिरवा १०७, निळा १२१. हाच तुमच्या सावलीचा रंग. सॉलिड कलर लेयर घ्या, त्यात हा रंग भरा, ब्लेंड मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी १००. मल्टिप्लाय खालच्या रंगाला या रंगानं गुणून २५५ नं भागतं, त्यामुळं उन्हातला दगड बरोबर दीपमाळेच्या सावलीइतकाच काळवंडतो. काळा रंग आणि ओपॅसिटी ६० ठेवली की तिन्ही चॅनल सारख्याच प्रमाणात खाली जातात, म्हणून सावली मेलेली दिसते.

वरच्या आकड्यांत निळा सगळ्यांत कमी उतरलाय, तो योगायोग नाही. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण आभाळाचा उजेड पोचतो आणि तो निळसर असतो. निसर्गचित्र काढणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि हे प्रमाण दुसऱ्या कामाला उचलून लावू नका. आभाळ किती मोकळं आहे, शेजारी पांढरी भिंत आहे की झाड, त्यावर ते बदलतं. प्रत्येक फोटोला नव्यानं मोजायचं.

लांबी. कोल्हापूरच्या अक्षांशावर जानेवारीत साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण २३-२४ अंशांवर असतो. सपाट जमिनीवर सावली उंचीच्या सव्वादोन ते अडीच पट पडते. पडद्यावर ती तेवढी दिसणार नाही, कारण जमीन तिरकी दिसते. दीपमाळेच्या पायापासून सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढा, तीच दिशा. फक्त सातही सावल्या त्या रेघेला समांतर काढू नका. जमिनीवरच्या समांतर रेघा फोटोत क्षितिजावर एका बिंदूकडे जातात, सावल्यांचंही तसंच. वाइड लेन्सचा फोटो असेल तर पहिल्या आणि सातव्या माणसाच्या सावलीच्या कोनात सहज कळेल इतका फरक पडतो.

आता कड, कारण ५ पिक्सेलचा घोळ इथं आहे. सूर्य ठिपका नाही. आभाळात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून वस्तू आणि तिची सावली यांच्यातल्या दर मीटर अंतरामागे सावलीच्या कडेला साधारण ९ मिलिमीटरची धूसर पट्टी तयार होते. टाचेपाशी अंतर शून्य, तिथं कड धारदार. तुमचा १६५ सेंटिमीटरचा माणूस ४००० पिक्सेलचा आहे, म्हणजे १ सेंटिमीटरला २४ पिक्सेल. सूर्य २३-२४ अंशांवर असताना डोकं आणि डोक्याची सावली यांच्यात ४ मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर पडतं. पट्टी जवळपास ४ सेंटिमीटर, म्हणजे ९०-९५ पिक्सेल. गॉशियन ब्लरचा आकडा पट्टीच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाइतका धरा, कारण तो कडेच्या दोन्ही बाजूंना आकड्याच्या साधारण दुप्पट पसरतो. डोक्यापाशी २३, कमरेपाशी १३, गुडघ्यापाशी ६, टाचेपाशी ०. ५ पिक्सेल हा आकडा हजारभर पिक्सेलच्या फोटोसाठी दाखवलेल्या व्हिडिओतून येतो. तुमची फाइल त्याच्या आठपट रुंद आहे.

हा बदलता ब्लर फिल्टर, ब्लर गॅलरी, फील्ड ब्लर यातून येतो. टाचेवर एक पिन शून्यावर, डोक्यावर दुसरी पिन. हा फिल्टर सॉलिड कलरच्या लेयरवर लावायचा नाही. आकृती साध्या लेयरवर भरा, ब्लर करा, मग कंट्रोल धरून त्या लेयरच्या थंबनेलवर क्लिक करा आणि ते सिलेक्शन सॉलिड कलर लेयरचं मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) म्हणून द्या. ब्लरच्या आधी कंट्रोल डी करून सिलेक्शन सोडा, आणि लॉक ट्रान्स्परंट पिक्सेल्स बंद आहे ना बघा. या दोन्हींपैकी एक राहिलं तरी कड आहे तिथंच अडते आणि ब्लर लागलाच नाही असं वाटतं.

आणखी एक. सावली डोक्याकडे फिकट करत शून्यावर नेऊ नका. खऱ्या उन्हातली सावली टोकाला धूसर होते, विरून जात नाही. हात, मान असे अरुंद भाग टोकाकडे फिकट होतात ते दोन्ही बाजूंच्या धूसर पट्ट्या एकमेकींत मिसळतात म्हणून, आणि ब्लर नीट असेल तर ते आपोआप घडतं. धड मात्र शेवटपर्यंत तेवढंच गडद राहतं.

फलकवाली

रंगाचं गणित अगदी बरोबर. माझी हरकत आकाराला आहे.

डिस्टॉर्टनं आडवी केलेली आकृती म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलेला माणूस. सावली मात्र सूर्यानं पाहिलेल्या माणसाची पडते. सूर्य कॅमेऱ्याच्या बरोबर मागे किंवा बरोबर समोर असेल तर दोन्ही आकृत्या जवळपास सारख्या, आणि ३० अंशांपर्यंत फरक असेल तरी खपून जातं. तुमचं ऊन उजवीकडून येतंय. सूर्याला या माणसांची डावी कूस दिसतेय. समोर तोंड करून, दोन्ही कोपरं बाहेर काढून कमरेवर हात ठेवलेल्या माणसाची सावली बाजूनं बघितल्यासारखी पडायला हवी: एका बाजूचा खांदा, पोटाचा फुगवटा, नाक, पायांची एकच जाड रेघ. तिथं समोरचा रुंद आकार दिसला की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

एकेकट्याला बोलावता येईल म्हणालात, मग त्याचा उपयोग करा. त्याच कपड्यांत, त्याच उभं राहण्यात, सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूनं एक फोटो घ्या. मोबाइलचा चालेल, उजेड कसाही चालेल, फक्त बाह्यरेषा हवी. कॅमेरा जमेल तेवढा लांब न्या आणि झूम करा, जवळून घेतला तर डोकं मोठं, पाय बारीक होतात. फेटा असेल तर तो बांधूनच बोलवा, सावलीत फेट्याचा तुरा सगळ्यांत आधी नजरेत भरतो. ही बाह्यरेषा कापून तिची सावली करा. कुणी येऊ शकलाच नाही तर पेन टूलनं हातानं काढा, पाच-सहा वळणं पुरतात. वरच्या भागात ब्लर इतका आहे की बोटं, कॉलर असले तपशील दिसणारच नाहीत.

दोन पाय पुढे-मागे असतील तर एका डिस्टॉर्टनं दोन्ही टाचा कधीच जुळत नाहीत. एक जुळते, दुसरीखाली फट राहते, आणि माणूस तरंगतोय असं वाटण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण तीच फट असते. दोन पायांच्या सावल्या वेगळ्या करा. प्रत्येकीचा उगम आपापल्या टाचेत ठेवा, मांडीपाशी त्या जोडा. पपेट वॉर्पनं हे लवकर होतं: कमरेवर दोन पिना, प्रत्येक टाचेवर एक, आणि टाचेची पिन ओढून बुटाखाली.

आता पायऱ्या. सावली आडव्या दगडावर दीपमाळेनं दाखवलेल्या दिशेनं जाते. पुढच्या पायरीच्या उभ्या तोंडाला लागली की माणसाच्या सावलीचा तेवढा तुकडा सरळ वर चढतो, मग वरच्या आडव्या दगडावर पुन्हा तिरका. प्रत्येक पायरीला एक मोड. हे एका लेयरवर वाकवत बसू नका. आडव्या भागांसाठी एक प्रत, उभ्या तोंडांसाठी दुसरी सरळ उभी प्रत घ्या, आणि पायऱ्यांचे पट्टे पेन टूलनं निवडून दोन्हींना आळीपाळीनं मास्क करा. पायरीच्या कोपऱ्यावर दोन्ही प्रती एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. तिथं पाव पायरीएवढी जरी सरकली तरी सावली तुटलेली दिसते. पायऱ्या वर चढत असल्यामुळं सावली सपाटीपेक्षा लवकर संपेल. म्हणून २३ चा ब्लर जसाच्या तसा घेऊ नका, डोक्याची सावली ज्या पायरीवर पडते तिथपर्यंतचं अंतर धरा.

पंचगंगाकाठ

बाजूनं फोटो घ्यायचं डोक्यात आलंच नसतं. चौघे उद्या येऊ शकतील. दोन शंका. सावल्या एकमेकांवर येतात तिथला डाग कसा घालवायचा? आणि डावीकडचे दोघे दीपमाळेच्या सावलीतच उभे राहतायत, त्यांचं काय?

तिरपा_उजेड

दोन्हींचं कारण एकच. सावली म्हणजे तिथं पोचणारं ऊन अडलं. एकदा अडलं की दुसऱ्यानं आणखी अडवायला तिथं ऊनच उरत नाही. म्हणून उन्हातल्या सावल्या एकमेकींवर पडून दुप्पट गडद होत नाहीत.

सातही सावल्या साध्या लेयरवर एकाच भरीव रंगानं तयार करा, ब्लर झाला की सगळ्या मर्ज करा आणि त्याचं एकच मास्क सॉलिड कलर लेयरला द्या. प्रत्येकाला वेगळा मल्टिप्लाय लेयर दिलात की डाग येणारच.

दीपमाळेची सावली जिथं आधीच आहे तिथं तुमच्या मास्कमध्ये काळा ब्रश मारून आपली सावली पुसा. दीपमाळ उंच असल्यामुळं तिच्या सावलीची कड मऊ आहे, ब्रशही तेवढाच मऊ घ्या. आणि ते दोघे पूर्ण सावलीत असतील तर त्यांना पडणारी सावली नाहीच, फक्त पायाखालचा काळोख द्या. शिवाय त्या दोघांच्या अंगावरचा उजेडही उतरवावा लागेल. वर काढलेलाच रंग, मल्टिप्लाय, क्लिपिंग मास्क करून (म्हणजे परिणाम तेवढ्याच लेयरपुरता राहील असा) त्या दोघांच्या लेयरवर लावा आणि ओपॅसिटी ६० ते ८० मध्ये डोळ्यानं ठरवा. एखाद्याचं डोकं दीपमाळेच्या सावलीबाहेर येत असेल तर तिथं मास्क सोडा.

एकाची सावली शेजाऱ्याच्या धोतरावर किंवा पँटवर पडत असेल तर तो तुकडा वेगळा, शेजाऱ्याच्या लेयरला क्लिप केलेला, आणि उभ्या तोंडासारखाच सरळ वर जाणारा.

कृष्णधवल

पायाखालच्या काळोखावर कुणी नीट बोललं नाही, आणि माझ्या मते माणूस जमिनीवर टेकतो तो त्यानंच. पडणारी सावली चुकीची असली तरी एखादवेळी खपते. बुटाखालचा काळोख नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

दोन लेयर करा, दोन्ही मल्टिप्लाय, माणसाच्या खाली. पहिला बुटाच्या तळव्याला लागून. तुमच्या मापाला १२ ते २० पिक्सेलचा ब्रश, हार्डनेस शून्य, फ्लो १० ते १५, रंग वर काढलेल्या सावलीपेक्षा बराच गडद, पण काळा नको. फक्त जिथं तळवा दगडाला खरोखर टेकतो तिथंच फिरवा. टाच आणि चवडा टेकतात, मधली कमान उचललेली असते, तिथं हात हलका ठेवा. कोल्हापुरी चप्पल असेल तर तळवा सपाट आणि पातळ असतो, सगळीकडून टेकतो, म्हणून काळी रेघ सलग पण फार बारीक. बुटाला जाड असते. पूर्ण बाह्यरेषेभोवती काळी कड फिरवली की पाय चिखलात रुतल्यासारखा दिसतो.

दुसरा लेयर मोठा. दोन्ही पायांना वेढणारा आडवा लंबगोल, रुंदी खांद्यांइतकी, ब्लर ८० ते १२० पिक्सेल, ओपॅसिटी १५ ते २५. शरीर आभाळाचा थोडा उजेड अडवतं, त्याची ही मंद छाया. हिला सूर्याची दिशा नसते, ती सगळ्या बाजूंना पडते, आणि पडणाऱ्या सावलीच्या आतही लागू होते. वर म्हटलंय की सावल्या दुप्पट होत नाहीत, ते थेट उन्हाला लागू. आभाळाचा उजेड वेगळा धरायचा, म्हणून हे दोन लेयर त्या एकत्र केलेल्या मास्कमध्ये मिसळू नका.

पावसाळ्यातला ढगाळ फोटो असता तर फक्त हेच दोन लेयर लागले असते. घाट ओला असता तर तिथं सावलीपेक्षा प्रतिबिंब महत्त्वाचं, आणि ते पायाच्या सरळ खाली पडतं, सूर्य कुठंही असो.

मूळ कामाबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. समोरून दोन सॉफ्टबॉक्स मारलेला चेहरा आणि उजवीकडून पडलेलं तिरपं ऊन यांचा मेळ सावलीनं बसत नाही. फोटोत नाकाच्या डाव्या बाजूला सावली नाही, हनुवटीखाली नाही, आणि जमिनीवर मात्र सणसणीत सावली, हे डोळ्याला पटत नाही. तुम्हाला दोन वाटा आहेत. बाजूचा फोटो घ्यायला बोलावताय ना, मग त्याच वेळी समोरचाही उन्हात घ्या, सूर्य उजवीकडे आणि तेवढ्याच उंचीवर ठेवून. तोच वेळ, तीच दिशा, म्हणजे साडेचार. जानेवारी नसेल तर घड्याळ न बघता काठी उभी करून सावली मोजा, उंचीच्या सव्वादोन पटीच्या पुढे गेली की फोटो काढा. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येण्याची वेळसुद्धा वर्षभरात सव्वाबारा ते पावणेएक अशी सरकते, त्यामुळं नुसत्या घड्याळावर विसंबू नका.

दुसरी वाट, मागचा फोटोच बदला. घाटाचाच, पण पायऱ्या सावलीत असतानाचा किंवा ढगाळ दिवसाचा. सॉफ्टबॉक्सचा उजेड त्यात सहज बसेल आणि निम्मं काम वाचेल. मला विचाराल तर मी हीच वाट धरीन.

फलकवाली

तिसरी वाटही आहे, जे तिघे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. कर्व्ह्ज लेयर (उजेड-काळोख कमीजास्त करणारा) क्लिप करा, मधला बिंदू खाली ओढा, मास्क काळं करा आणि फोटोत दिसणाऱ्या चेहऱ्याच्या व अंगाच्या डाव्या बाजूला मोठ्या मऊ ब्रशनं उघडा. कपड्यांच्या घड्यांना हे छान लागतं. चेहऱ्यावर मात्र अर्ध्यापेक्षा जास्त जोर दिला की गाल मळल्यासारखा दिसतो. उजव्या कडेला उलट कर्व्ह्जनं पातळ उबदार उजेड द्या, ८-१० पिक्सेल रुंद. उन्हात काढलेले चौघे पुढे ठेवा, हे तिघे मागच्या पायरीवर किंवा दीपमाळेच्या सावलीत.

मोडीवाचक

जनरेटिव्ह फिलनं (फोटोशॉपच्या एआयनं) सावली करून मिळत नाही का? आणि फोटोशॉप नसेल तर?

तिरपा_उजेड

मिळते, पण खालचा दगडही नव्यानं रंगवला जातो. पायरीचे सांधे सरकतात, आणि एवढ्या मोठ्या फाइलवर तो तुकडा शेजारच्या दगडापेक्षा बुळबुळीत दिसतो. सावली अंदाजे कुठं मोडेल ते बघायला वापरा, तो लेयर शेवटी काढून टाका. फोटोपीमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारं फोटोशॉपसारखं ॲप) मल्टिप्लाय, मास्क, डिस्टॉर्ट, पपेट वॉर्प जवळपास याच नावांनी आहेत. बदलता ब्लर जिथं जमत नसेल तिथं सावलीच्या दोन प्रती करा, एक धारदार, एक पूर्ण ब्लर केलेली, आणि दोघींना उलटसुलट ग्रेडियंट मास्क द्या. गुडघ्याच्या आसपास किंचित दुहेरी कड दिसते, तिथं मधल्या ब्लरची तिसरी प्रत घातली की जाते.

फलकवाली

छपाईचं राहिलं. मल्टिप्लायचे लेयर तसेच ठेवून फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) नेऊ नका. गुणाकार दुसऱ्या रंगपद्धतीत होतो आणि सावलीचा रंग बदलतो. आधी आरजीबीमध्ये प्रत काढून फ्लॅटन करा (सगळे लेयर एकत्र करा), मग बदला. लेयरवाली मूळ फाइल वेगळी ठेवा.

रुंद ब्लरला पडद्यावर न दिसणाऱ्या रंगाच्या पायऱ्या-पायऱ्या फ्लेक्सवर दिसतात. मास्कवर क्लिक करून नॉइज १ ते दीड टक्का द्या, त्या मोडतात. फ्लेक्सवर गडद भाग आणखी बुजतो, म्हणून बुटाखालचा काळोख सुद्धा २५, २५, २५ च्या खाली नेऊ नका. पूर्ण फलक लावण्याआधी छापणाऱ्याकडून दोन पायांचा भाग मूळ मापात १ बाय १ फुटाचा तुकडा छापून घ्या. तो भिंतीला लावून १५ फुटांवरून बघा, उन्हात धरून एकदा आणि दिव्याखाली एकदा. सावली दगडाहून वेगळ्या रंगाची वाटली तर सॉलिड कलरमधला निळा चार-पाच आकड्यांनी खाली आणा आणि तेवढाच तुकडा पुन्हा छापा.